होय, दिसले!

माझा विवाह झाला त्या दिवशी, म्हणजे वैशाखातल्या एका रखरखीत दुपारी साडेबाराच्या सुमारास, मंगल कार्यालयाच्या पत्र्याच्या छपराखाली आमच्या उपाध्येबुवांनी उत्तरेकडच्या भिंतीवर टांगलेल्या एका दिनदर्शिकेकडे बोट करून ‘ध्रुव दिसला का?’ असा मला व माझ्या नवपरिणीत पत्नीला प्रश्न केला, आणि आम्ही दोघांनीही क्षणाचा विलंब न लावता ‘दिसला’ असे उत्तर दिले. पुढे वाचनात आले, की पारस्कर गृह्यसूत्राच्या कर्त्याने वधूला तारा दिसला नाही तरी तिने ‘दिसतो’ असेच म्हणावे, अशी रीतसर तजवीज करून ठेवली आहे. मनुष्यस्वभावाची इतकी पारख असलेला दुसरा सूत्रकार माझ्या ऐकिवात नाही. वरासाठी त्याने वेगळा नियम केला नाही, याचे कारण वर हा मुळातच खोटे बोलेल याची त्याला खात्री असावी.

त्या मुहूर्तावर लागलेली ही सवय पुढे चौतीस वर्षांच्या संसारात आणि महसूल खात्यातल्या जवळजवळ तितक्याच वर्षांच्या चाकरीत माझ्या अंगवळणी पडली. साहेबांनी फिरतीवर असता बांधावरून छडीने दाखविलेली हद्दीची खूण, डॉक्टरांनी क्ष-किरणांच्या काळ्या कागदावर दाखविलेला डाग, आमच्या सूनबाईंनी सोनोग्राफीच्या चित्रात बोट ठेवून दाखविलेले नातवंडाचे डोके, यांपैकी मला काहीही कधी दिसलेले नाही. आणि यांपैकी प्रत्येक गोष्ट ‘हो, हो, दिसलं की!’ असे म्हणून मी मान्य केलेली आहे. माझ्या डोळ्यांचा नंबर उणे सात आहे. चष्मा काढला की टीचभर अंतरापलीकडचे सारे जग माझ्यापुरते तहकूब होते. अशा मनुष्यास वन्यजीवदर्शनासाठी आणि समुद्राच्या पोटातील मासे न्याहाळण्यासाठी अंदमानास पाठविणे हा विनोद आमच्या चिरंजीवांनी प्रेमापोटी केला, आणि सेवानिवृत्तीची भेट म्हणून आम्हा उभयतांची नावे एका सहल मंडळाच्या यादीत दाखल करून ते मोकळे झाले.

पहिले दोन दिवस निर्वेध गेले. सेल्युलर जेलमध्ये, सावरकरांच्या कोठडीच्या गजांपुढे, जे होते ते चष्म्यातून लख्ख दिसत होते व तेथे खोटे बोलण्याची पाळी कोणावरच आली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही स्वराज द्वीपावर उतरलो. या बेटाचे नाव २०१८ सालापर्यंत हॅवलॉक असे होते, आणि बेटावरचे गाडीवाले, हॉटेलवाले व आमचे सहलप्रमुख अद्यापही जुन्याच दफ्तरावरून कारभार चालवितात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना १९५० च्या दशकात येथे जमिनी देऊन वसविण्यात आले, आणि इथल्या वस्त्यांना व किनाऱ्यांना चक्क नंबर आहेत. तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर! समुद्राला असा सर्व्हे नंबर पडलेला पाहून माझ्यातला कारकून गहिवरला. ज्या राधानगर किनाऱ्याची ख्याती सर्वदूर आहे तो सात नंबरचा, हे कळताच आमच्या तुकडीतील सांगलीच्या वकीलसाहेबांनी ‘सात मिळाला रावसाहेब, आता बाराचा उतारा कुठं मिळतो ते बघा,’ असा विनोद केला. आणि तो मी सोडून कोणाला कळला नाही म्हणून जेवणाच्या वेळी पुन्हा केला.

चौथ्या दिवशी पहाटे चार वाजता सहलप्रमुखांनी दारावर थाप मारली.

‘काका, पक्षी बघायला चला!’

‘अहो, पक्षी तरी उठलेत का?’

‘इथं पाचला उजाडतं, काका!’

ते खरे होते. अंदमानातील घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर चालते आणि सूर्य मात्र ब्रह्मदेशाच्या शेजारचा उगवतो, त्यामुळे तेथे उजाडते भल्या पहाटे, आणि हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचच्या आतबाहेर दिवस दप्तर बंद करून घरी जातो. कचेरीची वेळ म्हणून ही पद्धत मला अतिशय पसंत पडली. उठण्याची वेळ म्हणून पडली नाही.

गर्जन आणि पडौक या गगनचुंबी वृक्षांच्या रानात आम्ही बावीस माणसे मान वर करून उभी राहिलो. या बेटांवर वाघ नाही, बिबट्या नाही, कोल्हासुद्धा नाही, ही माहिती वाटाड्याने दिली तेव्हा पुण्याहून आलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी फसवणूक झाल्यासारखा चेहरा केला, व या प्रदेशाचा राज्यप्राणी समुद्रातील गवत खाणारा ड्यूगाँग नावाचा लठ्ठ व लाजाळू जीव आहे, असे समजल्यावर तर त्यांनी आपली टिपणवहीच मिटून घेतली. इतक्यात वाटाड्या थबकला, आणि एका गर्जनाच्या शेंड्याकडे बोट करून हलक्या आवाजात म्हणाला, ‘वो देखिए, अंडमान का काला कठफोड़वा!’

हा काळाकुळकुळीत सुतार पक्षी फक्त याच बेटांवर आढळतो, नराच्या डोक्यावर लाल तुरा असतो, वगैरे माहिती प्राध्यापकांनी ताबडतोब पुरविली. दुर्बीण हातोहात फिरू लागली. दुर्बीण चष्म्यावर टेकवली तर टकटक वाजते व मध्ये वर्तुळभर अंधार दिसतो; चष्मा कपाळावर चढवून लावली तर कोणते चाक किती फिरवावे याचा निवाडा होईपर्यंत मागचा मनुष्य खाकरू लागतो. माझ्या वाट्यास जे दर्शन आले ते माझ्याच पापण्यांचे होते.

‘दिसला का, काका?’

‘वा! काय तुरा आहे!’

माझ्यामागून वकीलसाहेबांना दिसला, प्राध्यापकांना दिसला, चिपळूणच्या काकूंना तर तो लाकूड ठोकताना दिसला. शेवटचा मनुष्य दुर्बीण परत देण्यास गेला, तेव्हा वाटाड्या अत्यंत निर्विकारपणे म्हणाला, ‘साहब, वो तो कब का उड़ गया. आप लोग टूटी हुई टहनी देख रहे थे.’

कोणी कोणाकडे पाहिले नाही. परतीच्या वाटेवर मंडळी हवेविषयी बोलली.

न्याहरीनंतर होड्यांतून आम्हांस एलिफंट बीचकडे नेण्यात आले. पाण्यातून वीस मिनिटांचा मार्ग आहे. या किनाऱ्यावर हत्ती नाहीत. एके काळी अंदमानच्या रानात लाकडे ओढण्यासाठी हत्ती राबत; त्यांतला राजन नावाचा एक हत्ती म्हातारपणी या बेटावर राहून समुद्रात पोहत असे, व त्याला पाण्याखाली पाय हलविताना पाहण्यासाठी देशोदेशीचे लोक येत, परंतु तो २०१६ साली निवर्तला. हे सर्व सांगून झाल्यावरही चिपळूणच्या काकूंनी ‘मग हत्ती किती वाजता येतो?’ असे विचारलेच. किनाऱ्यावर पांढरी पडलेली प्रचंड झाडे मुळांसकट आडवी झाली आहेत. ती २००४ च्या त्सुनामीची खूण म्हणून दाखविली जातात. त्यांच्यावर मंडळींनी टॉवेल वाळत घातले.

पाण्यात उतरण्यापूर्वी एक हमीपत्र भरून द्यावयाचे होते. जिवास काही बरेवाईट झाल्यास त्याची जोखीम सर्वस्वी लिहून देणाराच्या शिरावर राहील, अशा अर्थाचे ते होते. असे कागद मी आयुष्यभर लोकांपुढे सरकवून ‘इथं सही करा’ म्हणत आलो. सही करणारा ते वाचू लागला तर मला फार राग येत असे. त्या दिवशी मी ते वाचले. अथपासून इतीपर्यंत वाचले, आणि तिसऱ्या कलमात ‘लिहून देणार’ व ‘लिहून घेणार’ यांची अदलाबदल झालेली मला आढळून आली. वकीलसाहेबांनी तत्काळ माझा कैवार घेतला व हा दस्त कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही, असे त्या बांबूच्या टेबलामागच्या पोरास मराठीत बजावले. मागे रांग तटली. सहलप्रमुख काकुळतीस येऊन म्हणाले, ‘काका, ओहोटी कुणासाठी थांबत नाही हो!’ तेव्हा मी हक्क राखून सही केली. हृदयविकार, दमा, रक्तदाब, कानाचे दुखणे, सगळ्यांची चौकशी त्या कागदात होती, डोळ्यांची नव्हती. आणि न विचारलेली माहिती अर्जात लिहू नये, हे तर आमच्या खात्याचे आद्य तत्त्व.

सोबतीला दिलेला बंगाली पोरगा विशीचा असेल. त्याने माझ्याकडे नखशिखांत पाहिले आणि दोन फर्माने काढली.

‘अंकल, चश्मा उतारो.’

‘आणि मग दिसणार कसं?’

‘और ये मूँछ! मूँछ से मास्क में पानी घुसेगा. निकालना पड़ेगा.’

वाचकहो, अव्वल कारकुनाच्या जागेवर रुजू झालो त्या साली ठेवलेली, दोन मामलेदार व एका प्रांतसाहेबाच्या नजरेस नजर देऊन टिकलेली ती मिशी! मी पत्नीकडे पाहिले. ती वाळूत बसून शांतपणे म्हणाली, ‘मी गेली चौतीस वर्षं हेच सांगते आहे.’ शेवटी तडजोड निघाली. पोराने व्हॅसलिनची डबी आणून माझ्या मिशीवर असा काही लेप चढविला, की तिचा आकार, रुबाब व इतिहास एका क्षणात नष्ट होऊन ओठावर केवळ एक ओशट पट्टी उरली. त्यानंतर धुके धरू नये म्हणून तो माझ्या मास्कच्या काचेवर आतून मनःपूर्वक थुंकला, थुंकी बोटाने चोळली, समुद्रात बुचकळली आणि ती वस्तू माझ्या तोंडावर चढविली. माझ्या आजोबांनी गोव्याहून आलेल्या पाहुण्याने शिवलेल्या तांब्यासाठी घर डोक्यावर घेतले होते. त्यांचा नातू नाकाची वाट बंद करून, दातांत रबर धरून, परक्याच्या थुंकीआडून अंधुक जग पाहत कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला.

‘अंकल, साँस मुँह से लो!’

श्वास तोंडाने घ्यावयाचा ही कल्पना ऐकण्यास सोपी आहे. पण साठ वर्षे नाकाने घेतलेला श्वास असा एका हुकमासरशी बदली करून दुसऱ्या ठिकाणी रुजू होत नाही. पहिल्या खेपेस मी नाकाने ओढला; मास्क कपाळास चिकटला. दुसऱ्या खेपेस तोंडाने ओढला, परंतु तेव्हा नळीचे वरचे टोक पाण्यात गेलेले असल्याने अंदमान समुद्राचा एक हप्ता वसूल झाला. तिसऱ्या खेपेस मी काही बोलू पाहिले. पाचव्या-सहाव्या प्रयत्नानंतर मात्र मी लाइफ जॅकेटच्या आधाराने पालथा तरंगू लागलो, पोराने मला रबरी रिंगेस धरावयास लावून ओढत नेले, आणि माझे वन्यजीवदर्शन सुरू झाले.

काय दिसले म्हणाल, तर निळे दिसले. त्या निळ्यात कोठे तपकिरी ढग होते, ते प्रवाळ असावेत. कोठे पिवळे ठिपके हलत होते, ते मासे असावेत. आणि एक मोठा, संथ, जांभळट गोळा बराच वेळ माझ्या उजव्या अंगाने चालला होता, ते प्राध्यापक असल्याचे मागाहून निष्पन्न झाले. पोरगा खाली बोट दाखवी, अंगठा वर करून ‘दिसलं का?’ असे खुणेने विचारी, आणि मी पाण्याखालीही अंगठा वर करून ‘दिसलं’ असे सांगे. खोटे बोलण्यास जिभेचीसुद्धा गरज नाही, हे ज्ञान मला त्या ठिकाणी झाले.

मात्र एक गोष्ट मी खरोखर पाहिली, आणि ती शपथेवर सांगावयास तयार आहे. थोडा वेळ आम्ही एका जागी थांबलो असता, माणसांच्या सहवासास निर्ढावलेला एक मासा थेट माझ्या काचेसमोर आला. टीचभर अंतरावर! म्हणजे माझ्या दृष्टीच्या हद्दीत. तळहाताएवढा, पाठीवर हळदीचा हात फिरविल्यासारखा पिवळा, अंगावर पाच काळे उभे पट्टे इतके स्वच्छ, की जणू कोणी रेघपट्टी घेऊन आखले आहेत. त्याचे कल्ले उघडत होते, मिटत होते. तोंड दाणा टिपल्यासारखे बारीक हलत होते. त्याने मला एका बाजूने पाहिले, मग सबंध अंग वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिले, अर्ज दोनदा तपासावा तसे. मिशीवरील व्हॅसलिनच्या एका कणास तोंड लावून पाहिले, आणि नापसंती दर्शवून तो माझ्या जगातून नाहीसा झाला. मी श्वास घेण्याचे विसरलो, तो नंतर नाकाने घेतला, व पुढचा प्रसंग सांगण्यासारखा नाही.

काठावर आल्यावर मी पोरास त्या माशाविषयी विचारले. ‘वो? सार्जंट मेजर. वो तो बहुत कॉमन है, अंकल. हर जगह है.’ फौजेतल्या हुद्द्याच्या पट्ट्यांवरून त्याला हे नाव पडले आहे. मला आपला एका हुद्देदाराशी परिचय झाल्याचा आनंद झाला होता. पण मी तो मासा पुढे ज्याला-ज्याला वर्णन करून सांगितला, त्याने-त्याने ‘अच्छा’ म्हणून विषय बदलला.

नारळपाणी पीत मंडळी बसली असता चिपळूणच्या काकूंनी मला सहज विचारले, ‘काय हो, कासव दिसलं का तुम्हाला?’

येथे माझी जुनी खोड उसळली. ‘दिसलं की!’ मी म्हणालो.

‘केवढं होतं?’

‘परातीएवढं.’

वकीलसाहेबांचे कान टवकारले गेले. ‘कुठून कुठं गेलं?’

चौतीस वर्षे हद्दी लिहिण्यात गेलेली. ‘पूर्वेकडून पश्चिमेकडे,’ माझ्या तोंडून निघून गेले.

क्षणभर शांतता झाली. मग प्राध्यापक म्हणाले, ‘हां! म्हणजे माझ्या पायाखालून गेलं ते तेच.’ वकीलसाहेबांना त्याची मान आठवली. एका नवविवाहित जोडप्यास ते जोडीने दिसले होते. तिने सांगितले, त्याने मान डोलावली. जेवणाच्या वेळेपर्यंत साक्षीदार सात झाले, कासवाच्या पाठीवरील नक्षी निश्चित झाली, आणि ज्यांना दिसले नव्हते ते सहलप्रमुखांकडे आम्हांला दुसऱ्या खेपेस का नेले म्हणून तगादा लावू लागले. अखेर त्या बंगाली पोरासच साक्षीस बोलावण्यात आले. मी नारळात तोंड घातले. पोराने एकवार सगळ्यांचे चेहरे पाहिले, बक्षिशीच्या पाकिटाकडे पाहिले, आणि म्हणाला, ‘हाँ, था ना! बड़ा वाला.’

काकू मात्र खिन्न दिसल्या. ‘मला नाही दिसलं,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘मी म्हणून तर विचारलं. सकाळी त्यांनी सांगितलं होतं ना, नशिबात असेल तर कासव दिसतं.’ त्यांच्याइतकी प्रामाणिक बाई त्या दिवशी त्या बेटावर दुसरी नसावी. आणि तिच्याच पिशवीत निघताना शंखशिंपल्यांबरोबर प्रवाळाचे चार तुकडे सापडले. जिवंत असो वा मेलेला, प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, विमानतळावर सामानाची झडती होते, वगैरे ऐकताच काकूंनी ते तुकडे पदराने पुसून, देवाच्या विसर्जनास जावे तशा पाण्यात जाऊन सोडून दिले. मनातल्या मनात मी त्याचा पंचनामा केला.

सायंकाळी सात नंबरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त झाला. तो सर्वांनी मोबाईलच्या पडद्यावर पाहिला, आणि सूर्य बुडाल्यावर मान वर करून ‘गेला का?’ असे एकमेकांस विचारले.

रात्री खोलीवर आल्यावर पत्नीच्या मोबाईलवर पाण्याखाली काढलेली छायाचित्रे आली. माझे एकच होते. त्यात मी रिंगेस मगरमिठी मारून तरंगत आहे, गाल फुगलेले आहेत, मिशी मेणबत्तीसारखी वितळली आहे, आणि मास्कच्या आत दोन्ही डोळे घट्ट मिटलेले आहेत. भोवती नाना रंगांचे पन्नासएक मासे आहेत. ते सगळे माझ्याकडे पाहत आहेत. चष्मा लावून मी ते छायाचित्र बराच वेळ पाहिले व त्या दिवसाचे वन्यजीवदर्शन पुरे केले.

पत्नी केस विंचरीत होती. ती म्हणाली, ‘अहो, खरं सांगा. कासव दिसलं होतं?’

‘तू आधी सांग. त्या दिवशी दुपारी तुला ध्रुव दिसला होता?’

‘इश्श! दुपारी कुठला ध्रुव? मला तर मुंडावळ्यांतून तुम्हीसुद्धा धड दिसत नव्हता.’ फणी खाली ठेवून ती पुढे म्हणाली, ‘आणि तो दिवा मालवा आता. उद्या पुन्हा चारला उठायचंय.’

आपल्यापैकी जे कोणी चष्मेवाले तिकडे जाणार असतील त्यांना माझी विनंती आहे, की नंबराच्या काचा बसविलेले मास्क मिळतात, ते आधी चौकशी करून न्यावेत. मिशीचा निर्णय ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावा. आणि आमच्या तुकडीपैकी कोणी भेटून कासवाविषयी विचारलेच, तर ते परातीएवढे होते व पूर्वेकडून पश्चिमेकडे गेले, एवढे कृपा करून ध्यानात ठेवावे.